रुझाचं घंगाळ

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय याकूबचाचा,

सलाम. आमचे तांबट पाहुणे आज सकाळी सुखरूप पोचले. आमचा ड्रायव्हर लियाकत गाडी घेऊन विमानतळावर गेला होता, त्यानेच फोन करून सांगितलं. माणसं दोनच, पण सोबत ऐरण, भाता आणि हातोड्यांची पेटी, त्यामुळे त्याला व्हॅन मागवावी लागली. "मॅडम, मेहमान कम, लोहा ज़्यादा," म्हणाला.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिण्यात तुमचा जीव जातो, म्हणून हे सगळं ईमेलमध्ये. दुकानातल्या कॉम्प्युटरवर निवांत वाचा.

आमच्या हस्तकला महोत्सवात यंदा रोमानियाहून एक रोमा जोडपं आलंय. निकोलाए आणि रुझा. यांचे वाडवडील घोडागाडीतून गावोगाव फिरत तांब्याची भांडी घडवायचे, जुन्यांना कल्हई करायचे. निकोलाएच्या लहानपणी सरकारने गाड्या थांबवल्या आणि एका गावात बसवलं, पण हातोडा काही सुटला नाही. आणि चाचा, ही मुळात आपलीच माणसं. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली. पाण्याला पानीच म्हणतात, नाकाला नाक, मिठाला लोन. दुपारी भेटायला गेले तेव्हा मी पाण्याची बाटली पुढे केली तर रुझा म्हणाली, "पानी." मला एकदम भरून आलं. घरी मिहिकाला सांगितलं तर लेक म्हणे, "सो दे आर लाइक अवर कझिन्स?" म्हटलं, हो, तसंच समज.

भाषेची अडचण नाही. आमच्यात कशफ नावाची मुलगी आहे, रोमानियात डॉक्टरकी शिकायला होती, ती दुभाष्याचं काम करते.

त्यांची एकच अट होती. तांब्याचा पत्रा आम्ही द्यायचा, लोकांसमोर ते मोठं भांडं घडवणार आणि ते घरी नेणार. नातीचं लग्न १२ जानेवारीला आहे आणि तिच्या लग्नाचं जेवण आजोबाच्या हातच्या भांड्यात शिजलं पाहिजे, असं रुझाचं म्हणणं. त्यासाठीच ते इतक्या लांब आले.

आता काम. कल्हईचं सामान त्यांना विमानातून आणता आलं नाही. तुमच्याकडे कथील आणि नवसागर मिळेल का?

तुमची,
अपर्णा


फुजैरा
२६ नोव्हेंबर २०२४

चि. अपर्णास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कथील आणि नवसागर उद्या हमदुल्लाच्या पिकअपमधून पाठवतो. तो मुसफ्फाला माल टाकायला येतोच आहे. नवसागर कोरडा ठेव, दमट झाला की त्याचा दगड होतो.

खेडला आमच्या शाळेबाहेर कल्हईवाला बसायचा. मास्तर शिकवत असायचे आणि आमची नाकं खिडकीत. तो धूर पुन्हा नाकात जावा असं फार वाटतं. इकडे जहाजांच्या पत्र्यावर ठोकठोक करून कान गेले, नाक अजून शाबूत आहे.

रशीदा विचारते, ते लोक मुसलमान का? मी म्हटलं अपर्णाला विचार. नोमानने फोनमध्ये बघून सांगितलं की ख्रिस्ती. मग रशीदाने दुसरा प्रश्न काढला, जेवतात काय? याचं उत्तर तू दे.

नोमानचं लग्न ईदनंतर, एप्रिलमध्ये, खेडला नक्की झालं. माझ्या मनात होतं की बिर्याणीसाठी घरची एक मोठी तांब्याची देग करून घ्यावी. नोमान म्हणतो, "अब्बा, केटरर सब लाता है." खलास. तुझ्या त्या म्हातारीची नात नशीबवान.

तुझा,
याकूबचाचा


मोहम्मद बिन झायद सिटी
९ डिसेंबर २०२४

प्रिय चाचा,

भांडं तयार झालं. काल त्याचा समारंभ झाला आणि आमचे मॅनेजर विघ्नेश यांनी आज सगळ्यांना मेल करून कळवलं की पूर्ण महोत्सवात सर्वांत जास्त फोटो आमच्या मांडवाचे निघाले.

पंधरवडा मी रोज बघत होते. पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात विझवायचा, मग ठोकायचा. जोड द्यायच्या कडांना करवतीसारखे दाते पाडून एकमेकांत बसवायचे आणि पितळ वितळवून सांधायचं. रुझा भाता मारते आणि तिथूनच त्याला सूचना करते. तो ऐकत नाही. कशफ म्हणते, त्यालाही कानाने कमीच येतं, पण बायकोपुरतं जरा जास्त कमी. शेवटी तुमचं कथील. कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं आणि भांड्यात आरसा उमटला.

मला तर ते बघताच आजोळचं घंगाळ आठवलं. तसंच गोल पोट, तशाच दोन कड्या. आजीकडे अंघोळीचं पाणी त्यातच काढत.

समारंभासाठी काहीतरी भारतीय धागा हवा, असं विघ्नेशचं म्हणणं होतं. मी म्हटलं, हजार वर्षांनी आलेल्या वडीलधाऱ्यांचं आपण काय करू? पाय धुऊ. मांडवात दोन खुर्च्या मांडल्या, ते नवं घंगाळ पुढे ठेवलं, कोमट पाण्यात गुलाबपाकळ्या टाकल्या आणि दोघांचे पाय त्यात ठेवून मी स्वतः धुतले, पदराने पुसले. लोक उभे राहिले. निकोलाएच्या डोळ्यांत पाणी आलं. रुझा तर हलेनाच. नंतर ती लगेच आत निघून गेली, थकली असावी. आज दिवसभर बाहेर आली नाही. उद्या येईल.

फोटो जोडलाय. हाच मोठा करून प्रवेशद्वाराशी लावलाय. चाचीला दाखवा.

तुमची,
अपर्णा


मोहम्मद बिन झायद सिटी
१७ डिसेंबर २०२४

प्रिय चाचा,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे तुम्ही कुठल्यातरी जहाजावर असणार. तरी लिहिते, कारण कुणाशी बोलू कळत नाही.

आमच्या पाहुण्यांनी काम थांबवलंय. समारंभानंतर आठवडा उलटला, ऐरण थंड आहे. रुझाने ते घंगाळ आपल्या जुन्या शालीने झाकलं आणि निकोलाए त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलाय. सकाळी मांडव उघडल्यापासून बंद होईपर्यंत. जेवायला दोघं आळीपाळीने जातात, भांड्यापाशी एक जण असतोच. लोकांशी हसून बोलतात, माझ्याशीही. पण कारण विचारलं की निकोलाए माझ्या खांद्यावर थोपटतो आणि विषय बदलतो. कशफने एकटीने विचारून पाहिलं, तिलाही तेच. रुझा तिच्याकडे बघून नुसती मान हलवते.

परवा विघ्नेशने टूम काढली की २९ तारखेच्या समारोपाला त्या भांड्यात सूप शिजवून पाहुण्यांना वाढायचं. निकोलाए उठून उभा राहिला आणि कशफला म्हणाला, "यात नाही." मग त्याने एवढंच विचारलं, दुसरा पत्रा मिळेल का? विघ्नेश म्हणाला, करारात एकच आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सिंपल आहे अपर्णा, यांना एकात दोन हवेत."

मी त्याला नाही म्हटलं. पण घरी येताना वाटलं, असेल का तसं? आणि तसं वाटल्याचं वाईट वाटत राहिलं. मला आपलं वाटतं, जेवण मानवत नसेल. मी केटरर बदलला. काही फरक नाही.

या शनिवारी मी इथे नाही. उपेंद्रच्या कंपनीचा फॅमिली डे आहे, मिहिकाला घेऊन रुवैसला जायचंय. तो बिचारा आठवडाभर तिकडे एकटा असतो, नाही म्हणवत नाही.

तुमची,
अपर्णा


फुजैरा
१८ डिसेंबर २०२४

चि. अपर्णास आशीर्वाद.

जहाजावरच होतो. दोन्ही पत्रं आज एकदम वाचली.

जेवणाचा प्रश्न नाही, बेटी. कारागीर माणूस जेवणावरून ऐरण थंड ठेवत नाही. कथील खराब निघालं असणार. मी ते शारजाच्या नव्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. त्यात शिसं मिसळलं असेल तर भांड्यात शिजवणं धोक्याचं. त्याला ते कळलं, आणि सामान तू आणून दिलंस म्हणून तुझ्या तोंडावर सांगवेना. म्हणून शाल, म्हणून पहारा, म्हणून दुसरा पत्रा. बघ, सगळं जुळतं.

चूक माझी आहे, तर मीच येतो. शनिवारी रशीदाला घेऊन निघतो. तू रुवैसला खुशाल जा. भांडं डोळ्यांनी बघितल्यावर कळेल. पुन्हा कल्हई करायला लागली तर चांगलं कथील बरोबर आणतो.

याकूबचाचा


फुजैरा
२२ डिसेंबर २०२४

अपर्णा बेटी,

हे पत्र मी लिहिते, रशीदाचाची. तुझे चाचा कालपासून "कथील चांगलं निघालं" म्हणत सुटका झाल्यासारखे बसलेत, त्यांना पुढचं काही सुचत नाही. आणि हे बाईनेच बाईला लिहिलेलं बरं.

निकोलाएभाईंनी यांना शाल काढून भांडं दाखवलं. यांनी बोटाने चोळून बघितलं, वास घेतला, काळं पडतंय का पाहिलं. कल्हई एकदम साफ. मग दोघे म्हातारे तिथेच बसले. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला कमी येतं, आणि भाषा वेगळी. तरी तासभर गप्पा मारत होते, हाताने.

जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा मला वजू करायचा होता, हातपाय धुऊन घ्यायचे होते. मांडवामागे नळ आहे, तिथे रुझाची भांडी मांडलेली. मी हात धुतले, तोंड धुतलं आणि पाय धुवायला जवळचं पातेलं पुढे ओढलं. रुझा धावत आली आणि माझ्या हातातून ते काढून घेतलं. मला धक्का बसला. रागावली म्हणावं तर तिने लगेच दुसरं आणून दिलं, कडीला लाल चिंधी बांधलेलं. मग मला एकेक दाखवलं. हे तोंडाचं, हे ताटवाट्यांचं, आणि लाल चिंधीवालं पायांचं. साबण वेगळे, टॉवेल वेगळे. कमरेखालचं पाणी ज्या भांड्याला लागलं, ते अन्नाच्या भांड्यांपासून कायमचं दूर. घासून, तापवून, कल्हई करून उपयोग नाही.

मी पाय धुतले, नमाज पढले, आणि परत येताना दारातला तुझा तो मोठा फोटो दिसला.

बेटी, मी तिथेच उभी राहिले.

कशफला हाताला धरून रुझाकडे घेऊन गेले. पुरुषांना दूर पाठवलं. रुझाला म्हटलं, त्या दिवशी पाय धुतले म्हणून ते भांडं गेलं ना? तिने आधी इकडेतिकडे बघितलं. या गोष्टी परक्या माणसापुढे, कशफसारख्या लहान मुलीपुढे बोलायची त्यांना लाज वाटते. मग हळू म्हणाली, "ती वाकली होती. वाकलेल्या माणसाला काय सांगणार?"

आणि निकोलाएभाई पहारा का देतात, तेही विचारलं. त्यांना भीती आहे की कुणीतरी त्यात शिजवेल आणि लोकांना वाढेल. आपलं सांगायचं नाही, नाहीतर तू लाजशील, आणि लोकांनाही त्यातलं खाऊ द्यायचं नाही. म्हणून नुसतं बसून राहायचं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पण नातीच्या लग्नाला आता त्यांच्याकडे भांडं नाही.

तुझी,
रशीदाचाची


मोहम्मद बिन झायद सिटी
२३ डिसेंबर २०२४

प्रिय चाची, चाचा,

काल रुवैसहून निघता निघता पत्र वाचलं. उपेंद्रने विचारलं काय झालं, तर मी फोनच त्याच्या हातात दिला. तो वाचून म्हणाला, "आपल्याकडे तरी पाय धुतलेल्या परातीत कणीक मळतील का?" हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मला घंगाळ दिसलं. आपलीच माणसं म्हटली की त्यांचं सगळं आपल्यासारखंच असणार, विचारायची गरज नाही, असं मी धरून चालले. परकी समजले असते तर विचारलं तरी असतं.

आज सकाळी सगळ्यांत आधी तो फोटो उतरवला. मग रुझाकडे गेले. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, पण आधी तिनेच माझा हात धरला. तिने मला शेजारी बसवलं, हातात चहा दिला. काचेचा पेला, तिच्या रोजच्यातला. आणि कशफला म्हणाली, "हिला सांग, माझी सून असती तर ओरडले असते."

निकोलाए हसला. स्टूल मात्र सोडलं नाही. मी विघ्नेशला सूप रद्द करायला लावलं, तेव्हा उठला.

आता पत्रा. विघ्नेशला खरं कारण सांगितल्यावर तो ओशाळला, सकाळपासून फोन करतोय. पण तेवढ्या जाडीचा, तेवढा मोठा पत्रा आमच्या पुरवठादाराकडे नाही, मागवला तर जानेवारीत येईल. ३० तारखेला त्यांची विमानं आहेत. हातात हा आठवडा आहे. तुम्हाला कुठे माहीत असेल तर आजच कळवा.

तुमची,
अपर्णा


फुजैरा
२४ डिसेंबर २०२४

चि. अपर्णास आशीर्वाद.

पत्रा माझ्या दुकानात आहे. शोधू नकोस. केव्हाचा मागे पडून होता, जागाच अडवत होता. नोमान उद्या सकाळी गाडीवर बांधून आणतो, मीही येतो. आठवड्यात काम उरकायचं तर भात्यावर माणूस लागेल. रुझाबाईंना म्हणावं, तुम्ही नुसत्या सूचना द्या, भाता मी मारतो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे माझं त्यांच्याशी छान जमेल.

जाडी मोजून घेतली आहे. निकोलाएने त्या दिवशी बोटाने दाखवली होती तेवढीच भरली.

याकूबचाचा

ता. क. हे नमाजला गेलेत तोवर मी, चाची, लिहिते. पत्रा पडून वगैरे नव्हता. नोमानच्या लग्नाच्या देगेसाठी यांनी उन्हाळ्यातच हौसेने आणला होता. नोमान नको म्हणाल्यापासून गोणपाटात गुंडाळून ठेवलाय, पण दर शुक्रवारी उघडून हात फिरवतात. तू त्यांना कळलं असं दाखवू नकोस. पण कुणालातरी माहीत असावं म्हणून लिहिलं. — रशीदा


मोहम्मद बिन झायद सिटी
३० डिसेंबर २०२४

प्रिय चाचा,

पाहुणे गेले. विमान सुटल्याचं लियाकतने कळवलं. नवं भांडं आधीच कार्गोत चढलंय, त्याची पावती कशफने त्यांच्या हाती दिली.

तुम्ही काल संध्याकाळी निघालात, त्यानंतरचं सांगते. रुझाने आतून एकदा पाहिलं, मग भांडं नव्या कापडात गुंडाळलं आणि आमच्यापैकी कुणालाही हात लावू दिला नाही. फक्त तुमचं नाव घेऊन म्हणाली, तो असता तर त्याला उचलू दिलं असतं, त्याने भाता मारलाय. तुमच्या कानाबद्दलही काही म्हणाली, ते कशफने मला सांगितलं नाही, नुसती हसत राहिली.

मग पहिलं भांडं. मी विचारलं, याचं काय करू, मोडून टाकू? निकोलाएला पटेना. वाईट घडलेलं नाही, म्हणाला, फक्त त्याचं काम बदललंय. त्याने कल्हई तशीच राहू दिली. रुझाने पेटीतून एक लाल चिंधी काढली, कडीला बांधली आणि भांडं माझ्यापुढे सरकवलं. आता ते माझं. खरोखरचं घंगाळ.

एक गोष्ट केली, ती रागावू नका. मी त्यांना सांगितलं, तो पत्रा कशासाठी आणला होता ते. मला कळलंय हे तुम्हाला दाखवू नको, असं चाची म्हणाली होती, ते आत्ता मोडतेय. पण पाहुण्यांना सांगू नको असं तिने म्हटलं नव्हतं. निकोलाए बराच वेळ ऐरणीचे पट्टे आवळत राहिला, मला वाटलं त्याने ऐकलंच नाही. मग कशफला विचारलं, लग्न कधी? किती माणसांचं? आणि कशफच्या मोबाइलवर तुमचा पत्ता लिहून घेतला.

तुमची,
अपर्णा


फुजैरा
८ जानेवारी २०२५

चि. अपर्णास आशीर्वाद.

भांडं त्यांच्या घरी पोचलं. कशफला रुझाबाईंचा फोन आला आणि कशफने नोमानला कळवलं. फोटोही आलाय, अंगणात बर्फ आणि मध्ये भांडं. नोमानने तो मला मोठा करून दाखवला. जोड कुठे आहे ते मला माहीत आहे म्हणून दिसला, नाहीतर दिसायचा नाही.

पत्र्याचं तू सांगितलंस, त्याबद्दल रागावलो होतो. दोन दिवस रशीदाशीही बोललो नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला फरक जाणवला नाही.

काल कशफमार्फत निकोलाएचा निरोप आला. पत्र्याला पत्रा. नातीचं लग्न आटोपलं की तो आमची देग घडवायला घेणार, त्याच्याकडच्या तांब्यातून, आणि मार्चमध्ये मुंबईच्या बोटीवर चढवणार. झाकण हवं का, एवढं विचारलंय. मी नोमानला विचारलं, तुझा केटरर काय म्हणेल? तो मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत होता. मग म्हणाला, "अब्बा, झाकण मंगवाओ. और केटरर को मैं बोलता हूँ."

देग खेडला उतरली की तिला कुणी कुठे ठेवायचं, हे रशीदा आत्तापासून फोनवर सगळ्यांना बजावते आहे. गावात पाहुण्यांची वर्दळ, पोरं कशातही पाय घालतात.

तुझ्या सासूबाई उद्या येणार म्हणाली होतीस. टाचा दुखतात ना त्यांच्या? कोमट पाण्यात मूठभर मीठ टाक आणि घंगाळ पुढे ठेव. त्याचं आता तेच काम आहे.

परवा नाही, तेरवा नाही, रविवारी १२ तारीख. त्या दिवशी तिकडे त्या भांड्याखाली पहिल्यांदा चूल पेटेल. कशफला सांगून ठेव, फोटो आला की मला लगेच पाठव म्हणावं. भांड्याचा नाही, आतल्या जेवणाचा. काय खातात, हे रशीदाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुझा,
याकूबचाचा